गोगलगाय कोणाच्या घरातली?

"मामा, हे सगळं पाठ करून मला काय मिळणार आहे, तेवढं एकदा सांग!"

दोस्तांनो, हा प्रश्न मला माझ्या भाचीनं विचारला. ती गेवराईला राहते. गोष्ट 2022 सालच्या जुलै महिन्यातली. ती तेव्हा दहावीत होती आणि ओसरीवर बसून विज्ञानाचं पुस्तक घोकत होती. 'प्राण्यांचे वर्गीकरण' नावाचा धडा. रंध्रीय, चपटे कृमी, गोलकृमी, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी... एखाद्या आगगाडीचे डबे मोजावेत तशी ती एकेक नाव म्हणत होती. मधला एखादा डबा निसटायचा, की पुन्हा इंजिनापासून सुरुवात!

मी काही उत्तर देणार, एवढ्यात दाजी शेतातून आले. पायांना चिखल, पाठीवर फवारणीचा पंप आणि चेहरा उतरलेला. पंप कोपऱ्यात ठेवून ते म्हणाले, "परवा औषध मारलं. कायबी फरक नाही. उलट जास्तच दिसायल्यात."

"काय दिसायल्यात?" मी विचारलं.

"गोगलगायी! सोयाबीन नुसतं चार पानांवर आलंय अन् रातीतून ओळच्या ओळ साफ."

तुमच्यापैकी जे बीड, लातूर, धाराशिवकडचे आहेत, त्यांना तो पावसाळा आठवत असेल. त्या वर्षी मराठवाड्यात कितीतरी शेतांत शंखी गोगलगायींचा सुळसुळाट झाला होता. दिवसा त्या बांधाच्या कडेला, पालापाचोळ्याखाली, दगडांच्या आडोशाला लपून बसत. अंधार पडला की बाहेर येत आणि कोवळी रोपं खात सुटत. पेरणी मोडून दुबार पेरणी करायची म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा मजुरी. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, ते उगीच नाही.

"औषध कोणतं आणलं होतंत?" मी विचारलं.

दाजींनी बाटली दाखवली. दुकानदारानं दिलेलं ते कीटकनाशक होतं. औषध खोटं नव्हतं, जुनंही नव्हतं. मी बाटली भाचीच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता तुझं पुस्तक उघड. गोगलगाय कोणत्या संघात?"

"मृदुकाय," ती पटकन म्हणाली.

"आणि कीटक?"

"संधिपाद..." एवढं म्हणून ती थांबली. बाटलीकडे बघितलं, मग वडिलांकडे बघितलं. "म्हणजे बाबा, गोगलगाय कीटकच नाही!"

आता जरा ही दोन घरं नीट बघू या. संधिपाद म्हणजे ज्यांच्या पायांना सांधे आहेत असे प्राणी. झुरळ पालथं पडलं की त्याचे पाय बघा, अगदी बिजागऱ्या लावल्यासारखे दुमडतात. अंगावर टणक कवच, शरीराचे भाग पाडलेले. त्यातही सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग असतील, तर तो कीटक. गोगलगायीला यातलं काय आहे? पाय म्हणावा तर पोटाखालचा एकच एक मांसल पट्टा. सांधा नाही, शरीराचे भाग नाहीत. सगळं अंग मऊ, बुळबुळीत आणि पाठीवर चुन्याचा शंख. तिचे सख्खे नातेवाईक म्हणजे नदीतला शिंपला आणि समुद्रातला ऑक्टोपस. नावात 'गाय' आहे खरी, पण गायीशी तिचं एवढंच नातं, की दोघींनाही हिरवं आवडतं!

कीटकनाशकं बनवतात ती कीटकांचं शरीर डोळ्यांसमोर ठेवून. गोगलगायीवर त्यातल्या बहुतेकांचा फारसा परिणाम होत नाही. तिच्या अंगावर चिकट स्रावाचा थर असतो, आणि धोका वाटला की ती शंखात शिरून बसते. तिच्यासाठी मेटाल्डिहाइड नावाचं वेगळं रसायन असतं. ते दाण्यांच्या रूपात शेतात टाकतात. गोगलगाय ते खाते, तिच्या अंगातला चिकट स्राव भसाभस बाहेर पडतो आणि ती कोरडी पडून मरते. (हे दाणे कुत्र्यामांजरांना आणि कोंबड्यांनाही विषारी आहेत. तेव्हा मुलांनी त्याला हात लावायचा नाही. ते काम मोठ्यांचं.)

पण आणखी एक साधा उपाय आहे, आणि तो परभणीच्या कृषी विद्यापीठानंही सांगितला होता. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवायचं आणि संध्याकाळी शेतात जागोजागी अंथरायचं. गोगलगायी त्याच्याखाली गोळा होतात. सकाळी उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हातात मोजा किंवा पिशवी मात्र घालायचीच.

ही शंखी गोगलगाय आपल्याकडची नाहीच मुळी. ती आफ्रिकेतली. 1847 साली बेन्सन नावाच्या एका शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून काही गोगलगायी आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या. तिथून ती देशभर पसरली. एकच गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही, त्यामुळे कोणतीही दोन भेटली तरी दोघी अंडी घालू शकतात. एका वेळी शंभरापेक्षाही जास्त! उन्हाळ्यात जमिनीत शिरून, शंखाचं तोंड बंद करून महिनोन्महिने झोपून राहायचं आणि पहिल्या पावसाला जागं व्हायचं. हौशी माणसाच्या एका पिशवीचा हा पराक्रम.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं पुस्तक पुन्हा उघडलं, पण आता घोकायला नव्हे. तिनं वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि ओळखीच्या एकेका प्राण्याचं नाव लिहिलं. आम्ही त्यांचे ढीग करायला बसलो. तिनं नाग, घोणस, विंचू, गोम असा एक ढीग केला.

"हे काय?" मी म्हटलं.

"विषारी!"

बघा, आपली भाषाही असंच करते. 'साप-विंचू' हा शब्द आपण एका दमात म्हणतो. 'किडामुंगी', 'गुरंढोरं' हे तसेच जोडशब्द. भाषेनं प्राण्यांचे गट पाडले ते आपल्याशी त्यांचा संबंध कसा येतो त्यावरून. कोण कामाचा, कोण तापदायक, कोण जिवावर उठणारा. शेतात वावरणाऱ्या माणसाला ते पुरेसं वाटतं. पण शास्त्रज्ञ वेगळंच विचारतो. शरीराची बांधणी कशी आहे? कोणाचे पूर्वज एक?

सापाला पाठीचा कणा आहे. विंचवाला नाही. सापाचं विष डोक्याकडच्या ग्रंथीत, आणि ते दातांतून येतं. विंचवाचं विष दुसऱ्या टोकाला, नांगीत. आपण 'विंचू चावला' म्हणतो खरं, पण तो चावत नाही, डंख मारतो! दोघांनी विषाचं हत्यार आपापलं, वेगवेगळं घडवलं. वटवाघळाचे आणि कावळ्याचे पंख असेच. दोघंही उडतात, पण वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमधली कातडी, आणि ते पिल्लाला दूध पाजतं. म्हणून ते आपल्या घरातलं, कावळ्याच्या नव्हे.

मग विंचू कोणाच्या घरातला? त्याचे पाय मोजा. आठ. पुढचे दोन आकडे पायांत धरायचे नाहीत. आठ पायांचे आणखी कोण? कोळी. आणि म्हशीच्या कानात चिकटलेली गोचीड. भिंतीवरचा कोळी, गोठ्यातली गोचीड आणि सरपणातला विंचू हे चुलत भाऊबंद आहेत म्हटल्यावर भाचीला विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी गोठ्यातून एक गोचीड काडीवर घेऊन आली आणि पाय मोजून मगच मान्य केलं. (ती मोठी गोचीड होती म्हणून बरं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडीला सहाच पाय असतात. मी तिला ते लगेच सांगितलं नाही.)

यात तिचं चुकलं म्हणून हसू नका. भलेभले इथे चुकले आहेत. स्वीडनचा कार्ल लिनियस हा वर्गीकरणाचा मोठा गुरू. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याची त्याची पद्धत जग आजही वापरतं. त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती 1758 साली निघाली. त्यात त्यानं देवमाशाला माशांमधून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं, हे फार मोठं काम. पण त्याच ग्रंथात विंचू, कोळी आणि खेकडे त्यानं कीटकांच्या पेटीत टाकले! गोगलगाय, ऑक्टोपस आणि गांडूळ यांची भरती 'कृमी' नावाच्या एकाच पेटीत. घर आवरताना आपण उरलंसुरलं सगळं एका टोपलीत टाकतो ना, तसं.

ती टोपली निवडायचं काम पॅरिसमध्ये लामार्क नावाच्या माणसाकडे आलं. तो खरा वनस्पतींचा अभ्यासक. 1793 साली, पन्नाशी जवळ आलेली असताना, त्याच्याकडे कीटक आणि कृमी शिकवण्याचा विषय सोपवला गेला. लामार्क चिकाटीनं एकेक प्राणी बघत बसला. 1801 सालच्या त्याच्या पुस्तकात कोळी आणि विंचू यांचं कीटकांपासून वेगळं घर झालेलं दिसतं. खेकड्यांचंही.

"पण मामा, गोगलगायीचं समजलं. विंचवाला कोणत्या ढिगात टाकलं, यानं कोणाचं काय बिघडतं?"

बिघडतं! शेतातच बघा. वांग्यावर, भेंडीवर लाल कोळी पडतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण आठ पायांचा. त्याच्यावर साधं कीटकनाशक मारलं, तर पुष्कळदा लाल कोळी तसाच राहतो आणि त्याला खाणारे मित्रकीटक तेवढे मरतात. म्हणून कोळीनाशक वेगळं मिळतं. कापसाचंही तसंच. बीटी कापसाला आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली. त्याच्या पानाबोंडांत जे विष तयार होतं, ते बोंडअळ्यांच्या आतड्यावर काम करतं. अळी म्हणजे पतंगाचं पिल्लू. मावा आणि तुडतुडे हे कीटकच, पण दुसऱ्या गटातले, सोंडेनं रस शोषणारे. त्यांना ते विष बाधत नाही. 'बीटी आहे, मग फवारणी कशाला' म्हणणारे इथेच फसतात. (पुढे गुलाबी बोंडअळीही त्या विषाला दाद देईनाशी झाली आणि 2017 साली महाराष्ट्रात कापसाचं फार नुकसान झालं. पण ती गोष्ट वेगळी, आणि लांबलचक.)

आता माणसांकडे या. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीत, जमिनीवर झोपतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसंच त्यांचंही बिऱ्हाड सहा महिने पाठीवर. (विंचवाची आई खरोखरच पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, बरं का.) अशा घरात रात्री मूल किंचाळून उठलं आणि 'काहीतरी चावलं' म्हणालं, तर ते काय होतं, हा प्रश्न वहीतला राहत नाही.

सापावरची लस विंचवाच्या विषावर चालत नाही. घर वेगळं, विष वेगळं. लाल विंचवाचं विष शरीरात असं काही वादळ उठवतं, की घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरू लागतं. लहान मुलांना धोका जास्त. यावर उपचार शोधला तो आपल्याच मराठवाड्यातल्या माणसानं. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले. 1976 पासून ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी दवाखान्यात होते. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जात होते. त्यांनी रात्र रात्र रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं. त्याबद्दलचा त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख 1986 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला. पूर्वी तीव्र विषबाधा झालेल्यांपैकी जवळजवळ तीस टक्के दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता लाल विंचवावरची खास लसही मिळते.

सगळेच विंचू सारखे नसतात. तो मोठा काळा, दांडगे आकडे उगारणारा विंचू बघून आपली गाळण उडते. पण त्याच्यापेक्षा लहानखुरा, तांबूस, बारीक आकड्यांचा आणि जाड शेपटीचा लाल विंचू कितीतरी घातक! तरी डंख कोणाचाही असो, मुलाला दवाखान्यात न्यायचंच.

सापांमध्ये तर एका ढिगाचे पुन्हा दोन ढीग होतात. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप तुम्हाला माहीत आहेत. नाग आणि मण्यार हे एका कुळातले. त्यांचे विषदंत आखूड आणि ताठ. त्यांचं विष मज्जासंस्थेवर जातं. पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास घेता येईनासा होतो. घोणस आणि फुरसं दुसऱ्या कुळातले. त्यांचे विषदंत लांब आणि चाकूच्या पात्यासारखे मिटणारे. त्यांच्या विषानं जागा सुजते आणि रक्त गोठायचं थांबतं.

आणि इथे डॉक्टर एक गंमत करतात. गंमत म्हणजे जीव वाचवणारी, बरं का! साप कोणी बघितलेला नसतो. मग रुग्णाचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी कलती करतात. रक्त पातळच राहिलं असेल, तर घोणस किंवा फुरसं असण्याचा दाट संशय. म्हणजे सापाचं वर्गीकरण साप न बघता! म्हणून साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायच्या भानगडीत पडू नका. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. अंधारात साप ओळखू येत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच आपल्याकडची लस या चारही सापांवर मिळून एकच केलेली आहे. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात.

भाचीनं 'विषारी' चिठ्ठ्यांचा ढीग मोडला. नाग-मण्यार इकडे, घोणस-फुरसं तिकडे, विंचवाला गोचिडीशेजारी. गोम हातात धरून ती बराच वेळ बसली. मग स्वतःच म्हणाली, "हिचे पाय आठापेक्षा कितीतरी जास्त. हिचं घर वेगळंच." पण पायांना सांधे आहेत, म्हणून ठेवली संधिपादांच्याच मोठ्या वाड्यात.

दाजी हे सगळं आडवे पडून ऐकत होते. ते उठले, गूळ आणि जुनी पोती काढली. आम्ही तिघं बॅटरी घेऊन शेतात गेलो. पोती अंथरून परत यायला अकरा वाजले. पहाटे जाऊन बघतो, तर पहिल्याच पोत्याखाली गोगलगायींचा थर! भाची हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून वेचत होती. अर्धी बादली भरली. पीक सगळं वाचलं नाही. खालच्या बाजूच्या ओळी गेल्या होत्या, त्या गेल्याच. पण रोज पोती टाकून आणि वेचून वरचं शेत हाती लागलं.

शेवटच्या पोत्याखाली गोगलगायींबरोबर एक गांडूळ निघालं. दाजी बादली पुढे करणार, तोच ती ओरडली, "बाबा, थांबा! ते वलयी आहे, मृदुकाय नाही. ते आपल्या बाजूचं!" आणि ते उचलून तिनं ओल्या मातीत सोडलं.

आता तुमच्यासाठी या आठवड्याचं कोडं. ही नावं बघा: देवमासा, तारामासा, झिंगा मासा, खवले मांजर, सापसुरळी, नीलगाय. यांतलं एकही नाव सरळ नाही, सगळी फसवी! कोण खरं कोणाच्या घरातलं, ते शोधा आणि कशावरून ओळखलंत, तेही पोस्टकार्डावर लिहून पाठवा. एका नावाबद्दल शास्त्रज्ञही बरीच वर्षं फसले होते. ते कोणतं, हे ओळखणाऱ्याला शाबासकी जादा. पत्ता नेहमीचाच.